डेपोवरचं पांघरूण

आमच्या गावच्या कचरा डेपोवरचे मुकादम कचरा थोपटायचे. दिवसभराच्या गाड्या जुन्या दगडखाणीत रिकाम्या झाल्या, की वर मुरमाचा थर पसरायचा, फावड्याच्या पाठीने तो बसवायचा आणि मग चपला काढून अनवाणी त्यावरून चालायचं. कुठे पाय दबला की तिथे आणखी एक पाटी मुरूम. हे सगळं दिवस मावळायच्या आत. "उघडं ठिवून घरला जायाचं न्हाई," हा त्यांचा कायदा. गाव त्यांना थट्टेने 'पांघरूण मुकादम' म्हणायचं. रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते चर्चला निघाले, की ओळखू येत नसत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. खाणीजवळच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते. बहात्तरचा दुष्काळ होता. शाळेत मुलांना दुपारी सुकडी मिळायची आणि बऱ्याच घरांतल्या पोरांचं दिवसातलं पोटभर खाणं तेवढंच होतं. त्या सुकडीवर माशा बसू लागल्या. एका आठवड्यात अकरा मुलं हगवणीने आजारी पडली. दवाखान्याचे डॉक्टर सांगून गेले, "आठ दिवसांत माशा हटल्या नाहीत तर इथलं वाटप बंद. मुलांनी खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जाऊन खावं, तिथेही सुकडी मिळते." ते काम तीन मैलांवर होतं. पहिलीतली पोरं उन्हातून तिथवर जाणार कशी, हे त्यांना विचारायचं मला सुचलंच नाही. मग सगळा राग मुकादमांवर काढायचा ठरवला.

"मुकादम, तुमचं पांघरूण गेलं कुठे? आठ दिवसांत माशा हटल्या नाहीत तर पोरांची सुकडी बंद होणार!" मी पदर खोचून म्हटलं.

"बाई, मुरमाच्या गाड्या पान्याला लावल्यात. मानसाला पानी न्हाई, तितं कचऱ्याला मुरूम कोन आनून देनार?"

आता यावर काय भांडणार? मी परत निघाले, तर ते मागून म्हणाले, "पन आठ दिस म्हंजी लई झाले. गावानं टाकून दिल्यालं काय काय आसतंय, त्येच घालून बगू की."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले, तर खाणीत भाजीचे वाफे घालावेत तसे चौकोन आखलेले. खाली सगळीकडे सारखाच कचरा, वर पांघरूण मात्र निराळं. एकावर चुलींची राख, दुसऱ्यावर केडगावकडच्या भट्टीतून आणलेला विटांचा चुरा, तिसऱ्यावर लाकडाच्या वखारीतला भुसा. मुकादम प्रत्येकापाशी उकिडवे बसून वास घेत होते. मला म्हणाले, "माश्या तुमी मोजा. गनित तुमचं, नाक माजं." मी भांडायला आलेली बाई, वही काढून माशा मोजत बसले. खरं सांगते, शाळेतल्या तपासणीलाही मी कधी इतकी मन लावून बसले नव्हते.

राख वाऱ्याने उडाली आणि थेट आमच्या वर्गात आली. भुशात कुणाची तरी विडी पडली आणि तो रात्रभर धुमसत राहिला. विटांच्या तुकड्यांमधल्या फटी माशांना घराच्या खिडक्यांसारख्या सोयीच्या पडल्या. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी मुकादमांनी खाणीच्या एका कडेचा जुना कचराच उकरला, तारेच्या जाळीतून चाळला आणि ती काळी माती नव्या कचऱ्यावर पसरली. माशा गेल्या! मी आनंदाने त्यांना चहा पाजला. सहाव्या दिवशी सकाळी माशा दुप्पट झाल्या होत्या.

मुकादम कपाळाला हात लावून बसले. "चूक झाली, बाई. घाई केली. कच्चं उकारलं म्या. पोटातनं शिजलंच न्हवतं त्ये."

"मग पिकलेलं ओळखायचं कसं?" मी विचारलं.

ते उठले आणि दोन गड्यांना घेऊन खाणीच्या दुसऱ्या कडेला खोल खणू लागले. कमरेएवढं खणल्यावर फावड्याला काच लागली. त्यांनी ती सदऱ्याला पुसून मला दाखवली. कंदिलाची काच होती. "ह्ये बगा! गावात वीज याच्या आदीचं हाय. कंदिलाच्या काचा लागल्या, की समजायचं माल पिकला." मी मूठभर माती नाकाशी नेली. कशाचाच वास नव्हता. आमच्या आईबापांच्या पिढीने टाकलेलं सगळं तिथे मुकाट माती होऊन पडलं होतं.

ती माती चाळून कचऱ्यावर पसरायला सगळे गडी दोन दिवस राबले. आठव्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मुकादम डेपोच्या मधोमध फडकं अंथरून भाकरी खात बसले होते, शेजारी वाटीत आमच्या शाळेची सुकडी. "बसा सायेब, येक घास घ्या," त्यांनी आग्रह केला. डॉक्टर वाटीकडे टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "ही काय, बसली ना एक माशी!"

"व्हय. ती तुमच्याबरूबर जीपमदनं आली."

डॉक्टर हसले आणि वाटप चालू राहिलं. त्या वर्षी माझ्या वर्गातलं एकही पोर खडीवर गेलं नाही. मुकादमांना त्याबद्दल कुणी नारळसुद्धा दिला नाही, मीही नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुकादम गेल्याचा निरोप आला. कबरस्तानात प्रार्थना झाली, प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली आणि लोक पांगू लागले. कबर अजून अर्धीच भरली होती, दिवस कलला होता. आमचे हे म्हणाले, "चल, शेवटची एसटी चुकेल." मी म्हटलं, चुकू दे. मी तिथेच उभी राहिले. त्यांच्या हाताखालचे गडीही कुणी हलले नाहीत. पाटीमागून पाटी माती पडत गेली. शेवटी एकाने फावड्याच्या पाठीने थर बसवला. मला रडू आवरेना. मी खाली बसले, हाताने चाचपून पाहिलं. पायाशी एके ठिकाणी माती दबत होती.

"इथे आणखी एक पाटी टाका," मी म्हटलं. त्यांनी टाकली, मी ती थोपटली आणि मग आम्ही घरी गेलो.