कोपऱ्यातलं निळं ठिगळ

आई गेल्यावर मी घरातली एकच वस्तू मागितली, आणि तीही भांडून मागितली. दागिने वहिनीला, भांडी वहिनीला, आईच्या चांगल्या साड्या ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. मला फक्त एक गोधडी हवी होती. तिच्यासाठी मी बाकीच्या सगळ्या गोधड्यांवर पाणी सोडलं. आपल्यासारखं शहाणं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी. पुढे बाबांचं किराणा दुकान, मागे आम्ही. दिवाळीनंतर गावात कापसाच्या गाड्या लागायच्या, जिनिंगमधून उडालेलं तूस अंगणातल्या तुळशीवर येऊन बसायचं, पण आमच्या गोधडीत कापसाचं एक बोंडही नसे. कापूस विकायचा असतो आणि लुगडं पांघरायचं असतं, असं आईचं म्हणणं. वरून जुनी लुगडी, आत बाबांची विरलेली धोतरं आणि अस्तराला दुकानातल्या मैद्याची कापडी पोती. पोत्यांवरची छापील अक्षरं कितीही धुतली तरी पुरती जात नसत. मी अक्षरओळख शाळेत नाही, गोधडीखाली शिकले, असं बाबा चिडवायचे.

उन्हाळ्यात दुपारची जेवणं आटोपली की आई छपरीत, म्हणजे पडवीत, लुगडं अंथरायची आणि ते सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दुकानातली वजनं ठेवायची. मग बाबा गिऱ्हाइकाला उभं ठेवून वजन शोधत आत यायचे. "अवं, किलोचं दे ना, साखर तोलून राह्यलो," म्हणायचे. आई मान वर न करता म्हणायची, "थांबा म्हना त्याले. कोपरा सरकला तर सारी शिवण तिरपी जाईल." गिऱ्हाईक थांबायचं. आमच्या दुकानाची बरकत कमी का होती, याची कारणं बाबा नंतर बरीच सांगत; त्यात हे एक असे.

त्याच वेळी समोरच्या काकू आपली गोधडी घेऊन छपरीत यायच्या. काका शाळेत मास्तर होते. आई आणि काकू एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, एकीला सासर कळेना तेव्हा दुसरीने समजावलं, असं त्यांचं नातं. समोरासमोर बसून दोघी आपापलं शिवायच्या. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एका रांगेत, आणि तिला त्याचा गर्व होता. काकूंचा टाका मोठा, ऐसपैस, वाटेल तिकडे जाणारा.

"बाई, तुमच्या टाक्यात बोट अडकते," आई म्हणायची.

"अडकू द्या. रातच्याले कोणी बोट धरलं असं वाटते," काकू म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या.

गोधडी शिवून झाली की एका कोपऱ्यात खूण करायची. कारण त्या काळी आमच्याकडे गाद्या-चादरी भाड्याने देणारं बिछायत केंद्र नव्हतं. मोहल्ल्यात लग्न निघालं की पाहुण्यांसाठी घरोघरच्या गोधड्या गोळा व्हायच्या आणि लग्न उरकलं की जिची तिने खूण पाहून उचलायची. आमची खूण हिरव्या दोऱ्याचा कावळ्याचा पाय, काकूंची लाल फुली. कुणाची खूण कुठली हे गल्लीतल्या पोरांनाही पाठ असे. गोधडी बदलली म्हणून अबोला धरलेल्या दोन घरांची गोष्ट आई नेहमी सांगायची, आणि शेवटी "आपल्याकडे असं होत नाई," असं म्हणायची.

मला हवी होती ती गोधडी मात्र या पसाऱ्याबाहेरची होती. ती माझीच होती. मी तिला 'मऊ' म्हणायची. तिच्या एका कोपऱ्यावर माझ्या शाळेच्या निळ्या गणवेशाचं तळहाताएवढं ठिगळ होतं. आजारी पडले तर मऊ, दहावीच्या परीक्षेला पहाटे उठले तर पायावर मऊ. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा ती न्यावीशी वाटली होती, पण नव्या संसारात जुनी गोधडी नेली तर सासरचे काय म्हणतील म्हणून राहिली. आई आहे तोवर ती पेटीत आहे, असं मी धरून चालले. आई आहे हेही मी धरूनच चालले होते.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा आई गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले. मला चार दिवसांनी निघायचं होतं म्हणून वहिनीने आणि मी लोखंडी पेटी उघडली. कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांचा वास वर आला. मग एकेक गोधडी निघाली. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, दादाच्या मुलीच्या जन्माआधी शिवलेली, बाबांची हिवाळ्यातली दुहेरी जड. प्रत्येकीच्या कोपऱ्यात हिरवा पाय, प्रत्येकीवर तांदळाच्या रांगा. अगदी तळाशी मऊ. मी ती उचलून छातीशी धरली.

"मले हेच पाहिजे. बाकीच्या साऱ्या तुमच्या," मी म्हटलं.

वहिनी वडनेरची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला मोजकी. ती म्हणाली, "हेच काऊन, ताई? किती विरली आहे. ती जांभळी घ्या ना, नवीच आहे."

"नवी नाई पाहिजे. आईच्या हातची, माही पाहिजे."

वहिनीने मऊचा काठ हातात घेऊन पाहिला. "पन टाका पाहा ना. आईंचा टाका इतका लांब नव्हता."

"आता आमच्या आईचा टाका तुम्ही मले सांगता का?" मी अशा आवाजात म्हटलं की तिने काठ सोडून दिला. बाकीच्या गोधड्या तिने घडी करून पुन्हा पेटीत ठेवल्या. माझ्या दृष्टीने वाटणी झाली होती. आई लवकर उरकायच्या नादात एखादी लांब टाक्यांनी शिवेल, त्यात काय एवढं, अशी मी मनातल्या मनात समजूतही घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकली होती. काकू आमच्यासाठी भाजी घेऊन आल्या. आता त्या एकट्याच असायच्या. काका गेले होते आणि मुलं नागपुरात स्थिरावली होती. आई होती तेव्हा त्यांची सकाळ-संध्याकाळ आमच्याच छपरीत जायची. हातातली वाटी ओट्यावर ठेवून त्या थेट दोरीकडे गेल्या.

"अवं माय! ही अजून आहे?"

"आईची आहे, काकू. पुण्याले घेऊन चालली मी."

"आईची कुठची? ही माही आहे," काकू म्हणाल्या, आणि हसल्या.

एकीने काल टाक्यावर बोट ठेवलं, दुसरी आज गोधडीच आपली म्हणते. मी ठिगळावर बोट ठेवलं आणि हे माझ्या गणवेशाचं आहे, हे तुमच्या घरी कुठून येईल, असं तावातावाने विचारलं. काकूंनी माझा हात धरला आणि अंगठा त्या निळ्या ठिगळावर दाबला.

"असा फिरव. काय लागते?"

कापडाखाली जाड दोऱ्याच्या दोन उंच रेघा लागल्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या. फुली होती.

मग काकूंनी ओट्यावर बसून सांगितलं. मी तिसरीत होते. गल्लीच्या टोकाच्या घरी लग्न होतं, मार्गशीर्षातली थंडी होती, आणि हळदीच्या दिवशी मला सणसणून ताप भरला. आईने पाहुण्यांच्या खोलीतून हाताला लागली ती गोधडी ओढली आणि मला गुंडाळून घरी आणलं. ती काकूंची निघाली. लग्न उरकलं, गोधड्या घरोघर गेल्या, आमची एक हिरव्या पायाची मागे राहिली ती काकूंनी सांभाळून ठेवली. माझा ताप बरेच दिवस रेंगाळला. तो उतरल्यावर दोघी केळझरच्या गणपतीला जाऊन नवस फेडून आल्या. त्यानंतर आईने गोधडी धुऊन परत द्यायला काढली, तर मी घर डोक्यावर घेतलं.

"एकदा माह्या दारापर्यंत घेऊन आली ती," काकू म्हणाल्या, "अन् तू मागून अनवाणी, नाक वाहून राह्यलं तुहं, एका टाक्यात बोट घालून लोंबकळली. मी म्हटलं, राहू द्या बाई. लेकराची झोप मोडून काय गोधडी परत घ्याची?"

"अन् हे ठिगळ?"

"ते तुह्या मायनं लावलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हने, पोरगी आता मोठी होऊन राह्यली, फुली दिसली तर हे तुमचं म्हनून स्वतःच आणून देईल अन् रात्रभर रडत बसेल. झाकून टाकते."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून किती वेळा लिहिली होती. पण तिचा अर्थ त्या दिवशी कळला. आईच्या हातच्या सगळ्या गोधड्या मी एका वाक्यात देऊन टाकल्या होत्या आणि जी घेतली ती आईने शिवलीच नव्हती. वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मी म्हटलं होतं ना" असं ती म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. पण पेटीची किल्ली तिने माझ्यासमोर ओट्यावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. त्या किल्लीसाठी मी तिची आजही ऋणी आहे.

काकू उठून आपल्या घरी गेल्या आणि छातीशी एक गोधडी धरून आल्या. कोपऱ्यात हिरवा पाय, फिकट झालेला. तांदळाच्या रांगा जशाच्या तशा. विटकरी लुगडं मी लगेच ओळखलं. त्याच्या पदराला मी लहानपणी तोंड पुसायची.

"घे. तुही आहे," काकू म्हणाल्या.

मी तोंड त्यात खुपसलं. मला आईचा वास हवा होता. पण त्या गोधडीला काकूंच्या घरचा वास होता, त्यांच्या खोबरेल तेलाचा, देवघरातल्या उदबत्तीचा.

"तुम्ही रोज घेता का हे, काकू?"

"रोज. उन्हाळ्यातही पायावर लागते मले. तिचा टाका बारीक, पाठीले रुतत नाई."

"मग आता?"

"आता काय, चादर आहे ना पोरानं आणलेली," त्या म्हणाल्या. असं म्हणताना त्यांचा हात मात्र गोधडीवरच होता, अंगठा हिरव्या खुणेवर मागेपुढे फिरत होता. तो हात तिथे नेहमीच जात असावा, कारण दोरा तेवढ्याच जागी झिजला होता.

मी रडले. आई गेल्यापासून एवढी रडले नव्हते. मग मी ती विटकरी गोधडी घडी करून काकूंच्या मांडीवर ठेवली.

"तुमच्याकडेच राहू द्या. मले माही झोप मोडायची नाई अन् तुमचीही नाई."

काकूंनी बरीच नको-नको केली, पण गोधडी काही हातातून सोडली नाही. वहिनीने चहा आणला. किल्ली मी तिच्या हातात परत दिली आणि काल बोलले त्याबद्दल तिचा हात जरा वेळ धरून ठेवला.

निघताना स्टेशनवर गाडीला उशीर होता. मी पिशवीतून मऊचा तो कोपरा बाहेर काढून नीट पाहिला. इतकी वर्षं पाहिला होता, पण नीट पाहिला नव्हता. गोधडीभर काकूंचे ऐसपैस टाके आणि त्या निळ्या चौकोनाच्या चारी कडांना बारीक, घट्ट, एका रांगेतले टाके. आपली लेक आपल्या गोधडीत नाही, शेजारणीच्या गोधडीत झोपते, याचं आईला वाईट वाटलं नसेल? वाटलंच असेल. ती काही देवी नव्हती, तिला तिच्या टाक्याचा गर्व होता. तरी तिने आपल्या हाताने दुसरीची खूण झाकली आणि मला तीच गोधडी माझी म्हणून वापरू दिली. मी आईच्या हातचं काहीतरी मागत होते. ते तळहाताएवढं होतं आणि मला पुरून उरलं.

पुण्याला सासरचे काही म्हणाले नाहीत. थंडी पडली की मऊ निघते, आणि त्याच सुमारास काकूंचा फोन येतो.

"माही गोधडी काढली का वं?"

"काढली, काकू. अन् तुम्ही?"

"माही तर पेटीत जातच नाई, बेटा. तुही माय अन् मी, दोघी संगंच झोपतो."