होडेकरबाईंची कोरी बाटली

होडेकरबाई कुणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी विचारत, "घरात गोळ्या कसल्या चालू आहेत?" आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. आमच्या हिला वाटलं, डॉक्टरीण आली. तिने लगेच पाय पुढे करून गुडघे दाखवले. बाईंनी ते शांतपणे पाहिले, सूज आहे म्हणाल्या आणि मग सांगितलं, "मी डॉक्टर आहे, पण पाण्याची."

त्या रत्नागिरीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मूळ घर पूर्णगडचं, कोकणी मुसलमानांचं; वडील गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके. लग्न केलं नाही. माणसांची आणि कारखान्यांची औषधं सांडपाण्यातून कुठवर जातात, हे शोधणं हाच त्यांचा संसार. मी मूळचा पालीचा. शहराजवळच्या एका औषध कारखान्यात सांडपाण्याचा प्लँट माझ्या ताब्यात होता. त्या कारखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे.

बाई समजावून सांगत ते कुणालाही कळे. "आपण गोळी गिळतो. तिच्यातलं थोडं अंगाला लागतं, उरलेलं मोरीतून वाट काढतं. शरीर काही साठवून ठेवत नाही." मासे विकणाऱ्या बायकांना म्हणत, "जंतूंना रोज थोडं थोडं औषध पाजलंत की ते सरावतात गो. मग पोराला खरा ताप आला की गोळी चालत नाही." आणि कुणी प्रमाण फार कमी आहे असं म्हटलं, की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "कमी म्हणजे किती? आणि कुणासाठी कमी?"

खाडीवर त्या बाटल्या घेऊन उतरल्या की धाकू खारवी होडीतून ओरडायचा, "काय गो बाय, तुझ्या घरात पाणी नाय काय? रोज नेतेस ती भरून!" बाई म्हणायच्या, "आहे रे, पण त्याला तुमच्या पाण्याची चव नाही." धाकू हसायचा आणि होडी बाजूला घेऊन वाट करून द्यायचा.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. कारखान्याकडून येणारा नाला खाडीला जिथे मिळतो, तिथली वाट चिखलाची आणि फसवी. ती मला माहीत होती. बाईंचा घसा धरला होता, अंगात थोडा ताप होता आणि त्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेत होत्या. आमच्या कारखान्यात तेच औषध बनत होतं. गोळ्यांचं त्यांनी आपणहून मला सांगितलं आणि म्हणाल्या, "आज माझ्या हातांवर माझाच विश्वास नाही. म्हणून कोरी बाटली आणलीय."

कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याने भरलेली बाटली. ती नाल्यावर न्यायची, बाकीच्या बाटल्या भरून होईपर्यंत उघडी ठेवायची आणि मग झाकण लावायचं. माणसाच्या हातातून, कपड्यातून, श्वासातून काही उतरत असेल तर ते हिच्यातही उतरेल. हिच्यात काही सापडलं नाही, तर बाकीच्या बाटल्यांत जे सापडलं ते नाल्याचंच. पण ती तिथे उघडलेली असली पाहिजे. बंदच राहिली तर तिच्या कोरेपणाला काही अर्थ नाही. बाईंनी झाकण काढून ती माझ्या हातात दिली. त्या भरत होत्या, मी ती उघडी बाटली धरून चिखलात उभा होतो.

त्या आठवड्यात कारखान्यातली सांडपाण्याची टाकी भरली होती आणि औषध ज्यात बनतं तो रिअॅक्टर धुतलेलं पाणी प्रक्रिया न करता सरळ नाल्यात सोडलं होतं. सोडायला हो म्हणणारा मीच होतो. तरी बाईंबरोबर गेलो. पाणी पुढे निघून गेलं असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

ते गेलं नव्हतं. बाईंच्या भरलेल्या बाटल्यांत औषध सापडलं, कोऱ्या बाटलीत नाही. गावकऱ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. कारखान्याची माणसं आली, सरकारी अधिकारी आले. आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मला बोलावून एवढंच विचारलं होतं, "तुम्ही तिथे होता म्हणे. काय काय आठवतंय?" मग माझ्या निवृत्तीला किती अवकाश आहे, याची चौकशी केली.

सभेत बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की त्या दिवशी त्या स्वतः हेच औषध घेत होत्या. कुणी विचारलं नव्हतं. कारखान्याच्या तज्ज्ञाने तेवढंच धरलं. बाई म्हणाल्या, त्यासाठीच कोरी बाटली होती. तो म्हणाला, ती तिथे उघडलीत कशावरून? तुमच्या नोंदी तुम्हीच केलेल्या. बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा अगदी निर्धास्त होता. "सावंतांनी धरली होती. ते सांगतील."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंनी आपलंच औषध शोधून काढलंनी." हॉल हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझ्याकडे पाहत त्या काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होत्या. पुढे त्यांनी तो निष्कर्ष स्वतःहून मागे घेतला. ज्याची खात्री नाही ते माझ्या नावावर नको, म्हणाल्या. कारखान्याने गाजावाजा न करता मोठी टाकी बांधली. ते काम माझ्याच देखरेखीखाली झालं. गावात मात्र बाईंची बाटली हा चेष्टेचा विषय झाला.

त्यानंतर त्यांनी स्वतः कधी पाणी भरलं नाही. विद्यार्थी भरत, त्या काठावर हात मागे बांधून उभ्या राहत. भेटल्या की हिच्या गुडघ्यांची चौकशी करत. मला वाटे, वय झालं, चिखलात उतरवत नसेल.

त्या आजारी होऊन पूर्णगडला भावाच्या घरी राहायला गेल्या, तेव्हा मी भेटायला गेलो. भाची चहा ठेवून आत गेली आणि मी सगळं सांगितलं. बाईंनी चहाचा कप बाजूला सारला.

"म्हणजे मी उघडली होती?"

"हो. माझ्या हातात होती."

"मला वाटायचं, मीच विसरले. तापात बंद बाटली परत आणली असेन." मग सावकाश म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत असाल हे माझ्या मनातच आलं नाही, सावंत. एवढी वर्षं मी माझे हात तपासत बसले."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं आणि कोणता रिअॅक्टर धुतला होता, किती वेळ पाणी सोडलं होतं, हे विचारलं. आठवत होतं ते सांगितलं. त्या डोळे मिटून हिशेब जुळवत राहिल्या. जुळला तसा चेहरा सैल झाला. "आकडा बरोबर होता," म्हणाल्या. आणि निघताना, "हे मला सांगून भागत नाही. त्या हॉलमध्ये जे हसले त्यांना सांगा."

मी हो म्हणालो आणि पावसाळा संपू दे म्हणून थांबलो. पावसाळा संपायच्या आत बाई गेल्या.

दफनानंतर मी सगळ्यात आधी धाकूकडे गेलो. तो अंगणात जाळं विणत होता. सगळं ऐकून घेतलंन, हातातली सुई खाली ठेवलीन.

"ती होती तेव्हा तोंड शिवलं होतं काय तुझं, सायबा?"

त्याने बस म्हटलं नाही. मी निघालो आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.