डाव्या हाताचा सौदा

जीप विकायचं ठरलं ते पुण्यात. गाडी अहमदपुरात, गाडीचे मालक अहमदपुरात, आणि निर्णय झाला मुलाच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर. "आई, आधी गाडी काढू, मग घराचं बघू, आणि मग तुम्ही दोघं कायमचे इकडेच या," मुलगा फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोलू. मी "बाबांना विचारते" म्हणून फोन ठेवला. पण बाबांना विचारणं हीच तर खरी अडचण होती.

आमचे डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. मी शाळेत शिकवायचे म्हणून गावाला मी 'बाई' आणि ते 'डॉक्टरसाब'. घरातही मी त्यांना डॉक्टरच म्हणत आले, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडाफार परत आला, आणि बोलण्यातलं सगळं जाऊन एक शब्द तेवढा उरला: हाव, म्हणजे हो. चहा घेता? हाव. की नको? हाव. गाडी विकायची? हाव. ठेवायची? हाव. लातूरच्या दवाखान्यात बोलायचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला समजावून सांगितलं की त्यांना कळतं सगळं, मनात हो की नाही तेही ठरलेलं असतं, पण बाहेर पडताना एकच शब्द पडतो. मान हलवण्याचंही तसंच. त्यांनी एक हिरवं आणि एक तांबडं कार्ड दिलं, हो असेल तर हिरवं दाखवा म्हणाल्या. डॉक्टरांनी घरी आल्यावर दोन्ही कार्डं उशीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला राग आला होता आणि हसूही.

त्यामुळे झालं असं, की त्यांच्या वतीनं मीच उत्तरं द्यायला लागले. कुठला शर्ट, कुठली भाजी, कोणाला भेटायचं, कोणाला नाही. एवढ्या तेवढ्या गोष्टींचं ठीक होतं. पण गाडी? आणि पुणे? उरलेलं आयुष्य कुठं काढायचं हे एका माणसानं दुसऱ्याच्या वतीनं कसं ठरवायचं? मला त्यांचं मन हवं होतं, आणि हाती लागत होतं नुसतं हाव.

आता त्या जीपबद्दल. लष्कराच्या लिलावात निघालेली, आमच्या लग्नाआधीची. ती आली तेव्हा स्टेअरिंग डावीकडे होतं, ते डॉक्टरांनी उजवीकडे घेतलं. इंजिन भंगारातल्या एका टेम्पोचं बसवलं. वासरू चढवता यावं म्हणून मागं पत्र्याचा उतार केला, औषधांसाठी लोखंडी पेटी जोडली, हात धुवायला नळाची टाकी लावली. काळ्या मातीत रुतते म्हणून गाडी एवढी उंच केली, की मला चढता येईना, मग माझ्यासाठी पायरी आली. हॉर्न असा, की म्हैस बाजूला व्हायच्या ऐवजी उधळायची. दर दिवाळीत काहीतरी नवीन बसायचं आणि काहीतरी मूळचं निघायचं. मी लग्नानंतर लगेच तिला सवत म्हणायला लागले. सवतीला स्प्रिंगचा नवीन पाटा, मला तीच साडी.

गाडी विकायची आहे ही बातमी पसरायला आपल्याकडे वेळ लागत नाही. पहिला आला नांदेडचा एक चष्मेवाला तरुण. त्याला म्हणे जुन्या गाड्यांचा शौक. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "काकू, ह्यात मूळचं काय राहिलंय?" मलाही तो प्रश्न आवडला. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. पुढची काच आडवी पाडायची चौकट, तिचे दोन खिळे आणि बॉनेटचा एक कोपरा. तो म्हणाला की मी सगळं काढून टाकीन आणि गाडी पहिल्यासारखी करीन. मी विचार केला, पहिल्यासारखी म्हणजे कशी? ती पहिल्यासारखी होती तेव्हा तर आमच्या कामाची नव्हती. त्याला मी नंतर कळवते म्हणाले.

दुसरा लातूरचा, लग्नाच्या वरातीला गाड्या भाड्यानं देणारा. त्याला गाडीची उंची फार आवडली. नवरदेव लांबून दिसतो म्हणे. गुलाबी रंग देऊ, चाकांना दिवे लावू. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते ओसरीवर खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "हाव." त्यालाही मी परत पाठवलं. ह्या गाडीत त्यांचा जीव आहे, ती गेली तर ते खचतील, अशी माझी खात्रीच होती. कोणी काही विचारायच्या आत मीच गाडीचे दोष सांगायला लागले होते.

तिसरा बैलांचा व्यापारी. डॉक्टरांच्या ओळखीचा, हदगावपासून उदगीरपर्यंतचे जनावरांचे बाजार पायाखाली घातलेला. आल्या आल्या तो गाडीभोवती फिरला, टायरला हात लावला, पत्र्याचा उतार खालीवर करून पाहिला. मग डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसला आणि खांद्यावरची दस्ती, म्हणजे पंचासारखं कापड, काढून त्यानं हातावर घेतली.

"बाई, तोंडानं भाव करायला मला जमत न्हाई," तो म्हणाला. "डॉक्टरसाबला बी ही बोली येतीय. बैल तपासायला यायचे अन् आमचा अडलेला सौदा करून द्यायचे."

जनावरांच्या बाजारात भाव बोलत नाहीत हे मला ऐकून ठाऊक होतं. विकणारा आणि घेणारा कापडाखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. मूठ मिटली तर नकार, तळहात उघडला तर कबूल. पण बाजारात बाईमाणसाचं काय काम? मी ते कधी पाहिलं नव्हतं.

व्यापाऱ्यानं उजवा हात पुढं केला आणि थांबला. डॉक्टरांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. डाव्या हातानं सौदा करत नाहीत, अशुभ मानतात. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि स्वतःचाही डावा हात काढला.

"डावा तर डावा," तो म्हणाला. "दस्तीखाली देव बी बघत न्हाई."

त्यानं दोघांच्या हातांवर दस्ती टाकली. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. दस्ती हलली. मग थांबली. मग जरा जोरात हलली आणि व्यापारी मागं सरकला. "आरारा! डॉक्टरसाब, आमाला जगू द्या की!" डॉक्टरांच्या ओठाचा चांगला कोपरा वर गेला होता. ते हसत होते! मी ट्रे जमिनीवरच ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"न्हाई म्हनून राहिले. मूठ गच्च मिटली."

मी लगेच म्हणाले, "म्हणजे विकायची नाही! मी म्हणतच होते."

"तसं न्हाई, बाई. इकायची हाय त्यांना, बोटांनी आपला आकडा बी सांगितला. माझा भाव पसंत न्हाई."

मला वाटलं, हा आपल्या सोयीचं सांगतोय. पण दस्ती पुन्हा हलायला लागली. डॉक्टरांची नजर व्यापाऱ्याच्या तोंडावर खिळली होती, आजारपणाच्या आधी असायची तशी, जरा लबाड. बराच वेळ चाललं. शेवटी व्यापाऱ्यानं दस्ती बाजूला केली तर डॉक्टरांचा तळहात उघडा होता. व्यापाऱ्यानं त्यावर हात मारला. रक्कम मी इथं सांगत नाही, पण नांदेडच्या तरुणानं सांगितली होती त्यापेक्षा चांगली होती. गाडीत ज्यांचा जीव आहे असं मी धरून चालले होते, त्यांनी ती खुशाल देऊन टाकली आणि चहासाठी मान पुढं केली. जीव माझाच अडकला होता म्हणायचा. मला जरा वाईट वाटलं आणि जास्त करून नवल वाटलं.

व्यापारी इंजिन चालू करून बघायला बाहेर गेला. त्याची दस्ती खुर्चीवर राहिली होती. मी त्याच्या जागी बसले आणि डॉक्टरांचा डावा हात धरून म्हणाले, "बिनसाखरेचा चहा आवडतो का?"

"हाव," ते म्हणाले. बोटं गप्प होती. मग मी दस्ती घेऊन हातांवर टाकली आणि पुन्हा तेच विचारलं. त्यांची मूठ माझ्या बोटांवर अशी गच्च मिटली की अंगठी रुतली. तोंडानं मात्र ते म्हणतच होते, "हाव, हाव." म्हणजे इतके महिने हा माणूस नावडता चहा पीत होता! मी हसले आणि माझे डोळेही भरून आले. दस्ती काढली की बोटं मुकी, टाकली की बोलकी, हे असं का, ते मला आजही कळलेलं नाही. लातूरच्या बाईंनाही मी विचारलं, त्या म्हणाल्या की जुन्या सवयी वेगळ्या वाटेनं येतात. असेल.

बाहेर जीप धडधडायला लागली. डॉक्टरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते, पुढचा प्रश्न येणार हे ओळखून. तो मी इतके महिने टाळत आले होते, कारण उत्तर काय येईल ते मला ठाऊक नव्हतं आणि जे येईल त्याप्रमाणे वागावं लागणार होतं.

"मुलाकडे पुण्याला राहायला जायचं?"

मूठ मिटली. मी तेच उलटं करून विचारलं. "इथंच, ह्याच घरात राहायचं?" बोटं एकेक करून सुटली आणि त्यांचा तळहात माझ्या तळहाताखाली उघडा पडून राहिला. मीही हात काढला नाही.

त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला. गाडी गेली, भाव चांगला आला, असं सांगितलं. तो खूश झाला. "मस्त. आता घराचं बघू या."

"घर विकायचं नाही. आम्ही इथंच राहणार."

"आई, हे तू परस्पर ठरवू नकोस."

"मी नाही ठरवलं. तुझे बाबा म्हणाले."

 मग त्याचा आवाज आला, लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा बारीक. "बाबा बोलले? काय म्हणाले?"

"नाही म्हणाले," मी म्हटलं.