दानेश्वरीची चित्रं, श्रावणीचा आवाज

वैजयंतीबाई मूळच्या केम गावच्या. बदली झाली ती थेट अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या वेशीवर. शाळा मराठी, गाव निम्मं कानडी. तरीही बाईंनी चौथीचा वर्ग बोलता केला. राहिली एकटी दानेश्वरी. जूनपासून या पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. ते बाईंना फार लागायचं.

त्यातच सोलापूरला प्रशिक्षण झालं. मुलांनी चित्रं काढायची, मोबाइलवर त्यांचे फोटो घ्यायचे, वर स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगायची, की व्हिडिओ तयार. बाई हरखल्या. माणसांसमोर न बोलणारी पोर फोनसमोर तरी बोलेल, असं त्यांना वाटलं.

दानेश्वरीनं चित्रं मन लावून काढली. चूल, चुलीपुढं आई आणि शेजारी पातळ, गोल चकत्यांची चळत. आवाजाची वेळ आली तशी ती फोनकडे नुसती बघत बसली. बाईंनी गोंजारलं, दटावलं, शेवटी शेंगदाण्याची चिक्की दिली. तिनं चिक्की खाल्ली.

पालकसभा तोंडावर आली होती. मग बाईंनी तेच केलं जे आपल्याकडं सगळ्याच शाळा करतात. पाहुण्यांचं स्वागत असो की आभार, बोलायला एकच ठरलेली मुलगी असते. इथं ती श्रावणी होती. चित्रं बघून मजकूर बाईंनीच लिहिला आणि श्रावणीनं तो गोड आवाजात वाचला. काम फत्ते झालं.

सभेला दानेश्वरीची आई, निंगव्वा, मागच्या भिंतीला टेकून बसली होती. टीव्हीवर चित्र आलं आणि श्रावणीचा आवाज घुमला, "माझी आई उन्हाळ्यात पापड करते."

"पापड न्हाय ते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दानेश्वरी उठून टीव्हीपाशी गेली होती.

"कडक भाकरी हाय. आमी रोट्टी म्हणतो. आई लई पातळ थापती. मंद जाळावर भाजती. मग चुलीच्या कडंला उभी लावती, वाळायला. पापडाला चूल कशाला लागती?"

पोरगी थांबेचना. मराठी अडलं की कानडी, कानडीवरून पुन्हा मराठी, आणि हात हवेत भाकरी थापताहेत. वैजयंतीबाईंनी टीव्ही बंद केला, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पदरानं डोळे पुसले. आनंदच तेवढा झाला होता.

निंगव्वाला मात्र यात नवल काही दिसेना. "घरात लई बोलती की ती," ती म्हणाली. "हितं बोलत नव्हती व्हय?"

सभा पांगल्यावर बाईंनी दानेश्वरीला जवळ घेतलं. "इतके दिवस गप्प का गं होतीस? मी तर रोज विचारत होते."

"पुस्तकातलं इचारत होता," दानेश्वरी म्हणाली. "आमच्या घरचं कुटं इचारलं?"