तळव्याएवढी जागा

आमच्या वीजघरातलं टर्बाइन देखभालीसाठी उघडलं की मी आधी त्याची पाती बघतो. वेगात धावणाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि पात्यापाशी फुटतात. दिसायला नुसता फेस, पण फुटून फुटून ते पोलाद कुरतडतात. म्हणून गेल्या वर्षी आम्ही पात्यांवर कठीण धातूची पूड ज्वालेतून फवारून लेप चढवला होता.

लेप टिकला होता. फक्त एका पात्यावर तळव्याएवढी जागा उघडी पडली होती आणि तिथलं पोलाद मधाच्या पोळ्यासारखं झालं होतं.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते सदाकाका तिथे टॉर्च धरून म्हणाले, "फवारणीआधी कुणीतरी उघडा हात लावलाय."

कुणी, ते मला माहीत होतं. फवारणीआधी पातं खरवडून अगदी स्वच्छ करतात. मग त्याला हात लावायचा नसतो, कारण बोटांचं तेल राहिलं की लेप धरत नाही. पण ते कोरं, राखाडी पातं पाहून मला राहवलं नव्हतं. झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा मी हात फिरवला होता.

"काका, तो मी," मी म्हणालो.

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. "मायेनंच लावला असशील. पाण्याला काय त्याचं?"

मायेने मी आणखी कुठे कुठे हात लावलाय, ते त्या ओलाव्यात उभ्याउभ्या आठवत राहिलं.

परवा ते पातं खरवडून पुन्हा कोरं झालं. मी दोन्ही हात पाठीमागे धरून नुसता बघत राहिलो.