खंडेनवमीची रायफल

आज खंडेनवमीला शिलाई मशीनमध्ये तेल सोडलं आणि त्या वासासरशी कॅनडातल्या सस्कॅचेवानमधलं आमचं जुनं बेसमेंट डोळ्यांपुढे आलं.

रानडुकरं शेजाऱ्याचं शेत उकरत होती, म्हणून माझ्या नवऱ्याने, सुधीरने, रायफल घेतली. दुकानदाराने बजावलं होतं, "खांद्यावरची कातडी जाड असते. हलक्या गोळीने डुक्कर नुसतं जखमी होऊन भटकतं." सुधीरने जाड कातडी भेदणारी थ्री-ओ-एट रायफल आणि जड गोळ्या निवडल्या. त्या खंडेनवमीला मी ती तेल देऊन बेसमेंटमधल्या पूजेत पान्या-हातोडीशेजारी मांडली, कुंकू लावलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो शिकारीवरून परतला. "डुकरीण एका गोळीत पडली," म्हणाला. मग बूट काढता काढता, "पिल्लं तिला ढुशा देत होती गं, ऊठ म्हणून."

रायफल कधीच विकली. पण मी कुंकवाचा करंडा उघडला, की सुधीर अजूनही खोलीबाहेर जातो.