साडूंचे कान आणि पत्र्याखालची वाघळं

आमच्या साडूंइतकं कानांविषयी बोलणारा आणि त्यांच्याइतकं कमी ऐकणारा माणूस अख्ख्या कळंबात दुसरा सापडायचा नाही. उभी हयात त्यांनी मोंढ्यात धान्याच्या हर्राशीत बोली पुकारण्यात घालवली. गोदामाच्या पत्र्याखाली वाघळं लटकलेली असायची. तोंडाला जरा उसंत मिळाली की साडू त्यांच्याकडं बघत बसत, आणि तिथूनच हे खूळ डोक्यात शिरलं. ढोकीच्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या मामाचेच दोन्ही कान धरून पुढं-मागं वळवून दाखवले. "वाघळाचे कान असे येगयेगळे वळतेत, पाहुणं. ते आवाज सोडतंय, आपल्याला न्हाय ऐकू येत. किड्यावर आपटून तो माघारी आला की अंधारात किडा कुठं हाय, केवढा हाय, समदं कळतंय." मामा रुसून पंगतीतून उठला. त्याची समजूत मी काढली. साडू जिलबी खात होते.

त्यांचं लाडकं वाक्य मात्र निराळंच. "वरडताना वाघूळ कानातला बारका स्नायू आवळून धरतंय, न्हाय तर सोताच्याच आवाजानं बहिरं व्हईल. वरडून झालं की लगीच ढिला." यातला पहिला भाग साडूंनी तंतोतंत उचलला, दुसरा राहून गेला. अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, मीठ संपल्याचं सांगावं आणि यांनी सोयाबीनचा भाव सांगावा. लेकीनं कानाचं मशीन पाठवलं, तर "वाघळाला कुठं मशीन हाय?" म्हणून ते सुपारीच्या डब्यात पडलं. अक्का कंटाळल्या आणि त्यांनी नवऱ्याशी बोलणंच सोडलं. ताट समोर ठेवायच्या आणि निघून जायच्या. मला तर त्या माणसाचा रागच यायचा.

परवा दिवेलागणीला गेलो, तर साडू अंगणात उभे होते. त्यांच्या पडवीच्या पत्र्याखालून वाघळं बाहेर पडत होती. पण साडूंची त्यांच्याकडं पाठ होती. दोन्ही तळवे कानामागं धरून ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी हाक मारली, आणि मग चक्क गप्प राहिले. वाट बघत राहिले.

"काय ओ?" आतून अक्का म्हणाल्या.

साडूंनी माझ्याकडं बघितलं. "बोलली का?"

एरवी मी टोमणा मारल्यावाचून राहिलो नसतो. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "बोलल्या."

"बोलली," ते स्वतःशीच म्हणाले, आणि सुपारीचा डबा शोधायला आत गेले.